शतायुषी नगर वाचनालय हाती आलं: आधी काय, मग काय

प्रश्न थोडक्यात असा आहे. जिल्ह्याच्या ठिकाणचं सव्वाशे वर्षांचं वाचनालय, दप्तरी साठ हजार पुस्तकं, शासनमान्य ‘अ’ वर्ग आणि नुकतंच निवडून आलेलं नवं कार्यकारी मंडळ. देवघेव वर्षागणिक घटतेय, अभ्यासिका मात्र तुडुंब भरलेली. मंडळातल्या काहींना ताबडतोब संगणकीकरण हवं आहे, काहींना वातानुकूलित सभागृह आणि एका देणगीदाराला दालनावर वडिलांचं नाव. नव्या कार्यवाहांनी सुरुवात कुठून करावी?

मोजणीपासून. पहिले तीन महिने एकही मोठा खर्च मंजूर करू नका. संस्थेची घटनादुरुस्ती, सभागृह, संगणक सगळं थांबू शकतं. आज वाचनालयात नेमकं काय आहे आणि त्यातलं काय वापरात आहे हे कागदावर आलं नाही, तर मंडळाच्या सभेत ज्याचा आवाज मोठा त्याची योजना मंजूर होते. जुन्या संस्था बुडतात त्या बहुधा पैशाअभावी नाहीत. कोणी काय ठरवायचं हे कुठेच लिहिलेलं नसतं आणि ठरवायला लागणारे आकडे कोणाकडेच नसतात, म्हणून बुडतात.

साठ हजार पुस्तकं हा दाखल नोंदवहीतला, म्हणजे आलेल्या प्रत्येक पुस्तकाला क्रमांक देणाऱ्या वहीतला, शेवटचा क्रमांक असतो, कपाटातली संख्या नव्हे. पूर्ण पडताळणीला काही महिने लागतील, पण अंदाज आठवड्याभरात मिळतो. दाखल नोंदवहीतून दर १५० वा क्रमांक घ्या, म्हणजे ४०० पुस्तकांची यादी होईल. ज्यांच्यापुढे ‘बाद’ अशी नोंद आहे ती सोडून त्यांच्या पुढचा क्रमांक घ्या. दोघांनी मिळून ती ४०० पुस्तकं शोधायची आणि चार रकान्यांत खुणा करायच्या: कपाटात आहे आणि गेल्या पाच वर्षांत तारखेचा शिक्का आहे, कपाटात आहे पण पाच वर्षांत कोणी नेलेलं नाही, वाचकाकडे किंवा बांधणीला आहे, सापडत नाही. न सापडलेल्यांचा दुसऱ्या दिवशी दुसऱ्या माणसाने पुन्हा शोध घ्यायचा, शेजारचे दोन-तीन खण धरून, कारण निम्मी ‘हरवलेली’ पुस्तकं चुकीच्या घोड्यावर, म्हणजे पुस्तकांच्या मांडणीवर, बसलेली असतात. समजा ४०० पैकी ६० मिळाली नाहीत. म्हणजे साधारण १५ टक्के, म्हणजे साठ हजारांमागे नऊ हजार. नमुना पाहणीत दोन हजारांची इकडेतिकडे चूक धरावी लागेल, तरी मंडळासमोर ठेवायला हा आकडा पुरेसा आहे.

असा आकडा पाहून घाबरून ग्रंथपालावर चौकशी बसवणं ही नेहमीची चूक. ही गळती पंचवीस-तीस वर्षांची असते आणि त्यातला मोठा भाग वर्गणी थकवून गाव सोडून गेलेल्या वर्गणीदारांच्या घरी असतो. मोजमापाला केंद्र सरकारच्या सामान्य वित्तीय नियमांचा आधार घ्या. ते तुमच्या संस्थेला बंधनकारक नाहीत, पण लेखापरीक्षकापुढे ठेवायला उत्तम. त्यांनुसार वर्षभरात दिलेल्या किंवा हाताळलेल्या दर हजार ग्रंथांमागे पाच ग्रंथांची तूट वाजवी मानली जाते, मात्र ती अप्रामाणिकपणा किंवा निष्काळजीपणामुळे झालेली नसावी. हजार रुपयांवरचं किंवा दुर्मीळ पुस्तक गेलं तर चौकशी करायचीच. तुमच्याकडे वर्षाला १८ हजार पुस्तकांची देवघेव होत असेल, तर ९० पुस्तकांची तूट समजण्यासारखी आहे, ४०० ची नाही. त्याच नियमांत वीस हजारांपर्यंतच्या साठ्याची दरवर्षी, पन्नास हजारांपर्यंत तीन वर्षांतून एकदा पूर्ण पडताळणी आणि त्याहून मोठ्या साठ्याची तीन वर्षांच्या आत नमुना पडताळणी सांगितलेली आहे. साठ हजारांच्या ग्रंथालयाने नमुन्यावर भागवलं तरी चालतं, पण दशकानुदशकं पडताळणीच झालेली नसेल तर एकदा पूर्ण कराच. त्यासाठी वाचनालय महिनाभर बंद ठेवू नका. एकेक विभाग तीन-चार दिवस बंद ठेवायचा, दाखल क्रमांकांचे तक्ते छापून घ्यायचे, एकाने क्रमांक वाचायचा, दुसऱ्याने खूण करायची.

दुसरी मोजणी उलाढालीची. विभागवार पुस्तकांची संख्या आणि वर्षभरात त्या विभागातून गेलेली पुस्तकं यांचा भागाकार करा. साठ हजार पुस्तकं आणि १८ हजार देवघेव म्हणजे एकूण ०.३. ही सरासरी फसवी आहे. विभाग सुटे केले की दिसतं, की बालविभाग आणि अलीकडच्या पाच वर्षांतली खरेदी तीन-चार वेळा फिरते आणि कादंबऱ्यांची मागची चाळीस कपाटं हलतच नाहीत. तिसरी मोजणी दाराची: दोन आठवडे दर तासाला किती माणसं आत आली आणि कोणत्या विभागात गेली. सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी चार ते आठ ही वेळ बऱ्याच वाचनालयांत जुन्या शहराच्या दिनक्रमावरून आलेली आहे. नोकरी करणारा माणूस साडेआठला घरी पोचतो, तेव्हा देवघेव बंद झालेली असते. आठवड्यातून दोन दिवस ती साडेनऊपर्यंत चालू ठेवणं आणि साप्ताहिक सुट्टी रविवारवरून हलवणं यांना जवळपास काही लागत नाही. वाचक मात्र परततात.

मृत साठा दिसला की तो काढायला लोक घाबरतात आणि त्या भीतीला कारण आहे. महाराष्ट्रात ग्रंथालयाचा वर्ग ठरवताना इतर निकषांबरोबर ग्रंथसंख्याही पाहिली जाते. पुस्तकं कमी झाली तर वर्ग खाली येईल, अनुदान घटेल, म्हणून फाटकी, दुबार, पंचवीस वर्षांपूर्वीची स्पर्धा परीक्षेची मार्गदर्शकं तशीच सांभाळली जातात. पण ‘अ’ वर्गासाठी लागणाऱ्या संख्येच्या कितीतरी वर असलेल्या वाचनालयाला ही भीती लागू होत नाही. आधी किमान संख्या जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांच्या कार्यालयातून लेखी घ्या, प्रत्यक्ष साठ्याशी ताडा आणि किती पुस्तकं काढायला वाव आहे ते ठरवा.

निर्लेखनाची, म्हणजे पुस्तकं नोंदीतून बाद करण्याची, पद्धत अशी ठेवा, की पाच वर्षांनी कोणी माहिती अधिकाराच्या अर्जात विचारलं तरी कागद बोलेल. यादीत दाखल क्रमांक, नाव, लेखक, वर्ष, किंमत आणि कारण हवं. कारण ‘जीर्ण’ एवढंच नको. पानं गळाली, दुबार प्रत, कालबाह्य माहिती, पाच वर्षांत वापर शून्य असं नेमकं लिहा. यादी ग्रंथपालाने करायची, तीन जणांच्या समितीने तपासायची, मंडळाने ठराव करायचा, अधिकाऱ्यांना कळवायचं आणि दाखल नोंदवहीत लाल शाईने ठराव क्रमांक टाकायचा. मग सभासदांसाठी विक्री, मग शाळा आणि छोटी ग्रामीण ग्रंथालयं, रद्दी सर्वांत शेवटी. रद्दीत देण्याआधी शिक्क्याचं पान फाडू नका, त्यावर ‘निर्लेखित’ असा शिक्का मारा. नाहीतर तेच पुस्तक जुन्या बाजारात कोणाला सापडतं आणि वाचनालयातून चोरी झाल्याची बातमी होते.

काही गोष्टी मात्र वापर शून्य असला तरी या यादीत येता कामा नयेत. १८६७ पूर्वीची छापील मराठी पुस्तकं, म्हणजे दोलामुद्रितं. नियतकालिकांचे बांधीव अंक. दिवाळी अंकांचे सलग संच. शहरातल्या संस्थांच्या स्मरणिका, नगरपालिकेचे अहवाल, स्थानिक वृत्तपत्रांच्या फायली. कादंबरीची दुसरी प्रत राज्यात कुठेतरी मिळेल. तुमच्या गावच्या १९३५ च्या साप्ताहिकाची फाइल मिळणार नाही. रत्नागिरी (१८२८), नाशिक (१८४०), पुणे (१८४८), कोल्हापूर (१८५०) अशा शहरांतली जुनी वाचनालयं आज संशोधकांच्या उपयोगी पडतात ती बहुतांशी अशाच गोष्टींमुळे.

खरेदीबद्दल थोडं कडक बोलायला हवं. परिरक्षण अनुदान, म्हणजे वाचनालय चालवायला शासन देतं ते, दोन हप्त्यांत येतं, दुसरा हप्ता बहुधा मार्चच्या तोंडावर, आणि मग पंधरवड्यात पुस्तकं घेऊन बिलं लावायची घाई होते. या घाईवर जगणारा एक पुरवठा धंदा आहे: अव्वाच्या सव्वा छापील किंमत, कागद भिकार, मजकूर इकडून तिकडून जमवलेला आणि वर चाळीस-पन्नास टक्के कमिशन. कमिशनचा आकडा पाहून कोशाध्यक्ष खूश होतात आणि ती पुस्तकं कपाटात जन्मठेप भोगतात. चांगले मराठी प्रकाशक साधारण वीस-पंचवीस टक्के सूट देतात. तेवढीच घ्या. वाचनालयाच्या स्वतःच्या पैशातून एप्रिल, जुलै, ऑक्टोबर असे तीन टप्पे आधी खरेदी करायचे आणि अनुदान आल्यावर खात्याच्या नियमांत बसेल तसा ताळमेळ घालायचा, एवढी शिस्त बसली तरी निवड सुधारते. देवघेवीच्या टेबलावर मागणी नोंदवही ठेवा. तीन वेगवेगळ्या वाचकांनी मागितलेलं पुस्तक निवड समितीची वाट न पाहता घ्यायचा अधिकार ग्रंथपालाला द्या. ज्या पुस्तकाला दहा जण थांबलेले आहेत त्याच्या तीन प्रती घ्यायला हरकत नाही. दोन वर्षांनी दोन प्रती विकता येतात.

राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान ही १९७२ पासूनची केंद्राची संस्था ग्रंथ, फर्निचर, इमारत, बालविभाग आणि शतकोत्तर वर्षांसाठी मदतीच्या योजना चालवते. अर्ज राज्याच्या ग्रंथालय संचालनालयामार्फत जातो आणि काही योजनांत आपला हिस्सा भरावा लागतो. त्यामुळे तो हिस्सा अंदाजपत्रकात आधी धरलेला असला तरच अर्जाला अर्थ आहे. मंजुरी आली आणि हिश्शाचे पैसे नाहीत, अशी अवस्था फार वेळा होते.

आता कारभार. सगळ्यात जास्त वेळ इथे जातो आणि जायलाही हवा.

आपल्याकडचं नगर वाचनालय हे बहुतेक वेळा संस्थेचं असतं. शासन त्याला मान्यता आणि अनुदान देतं, चालवत नाही. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ चा, त्याखालचे अनुदानाचे नियम १९७० चे. या अधिनियमात ग्रंथालय उपकर नाही. कर्नाटकात १९६५ च्या कायद्याने मालमत्ता करावर सहा टक्के उपकर आहे आणि ग्रंथालयं सरकारी खात्याची आहेत. तिथे मंडळाच्या निवडणुकीची भांडणं नाहीत, पण महापालिकेने गोळा केलेला उपकर ग्रंथालय खात्याकडे वेळेवर वर्ग होत नाही हे जुनं दुखणं आहे. गोव्यात पणजीचं कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय सरकारच चालवतं. आपल्या रचनेत सभासद मालक असतात ही ताकद आहे आणि घोळही तिथूनच सुरू होतो.

घोळ असा: घटनेनुसार मत असतं आजीव सभासदांना, ज्यांनी कधीकाळी पाचशे-हजार रुपये भरले आणि ज्यातले निम्मे आता पुस्तक नेत नाहीत. दरमहा वर्गणी भरून रोज येणाऱ्या वाचकाला मत नाही. शिवाय निवडणुकीच्या आधी दोन महिने अचानक आजीव सभासदांची लाट येते. यावर उपाय घटनेतच करावा लागतो. मतदार यादी निवडणुकीच्या आधी किमान बारा महिने गोठवायची, सलग तीन वर्षं वर्गणी भरलेल्या साध्या सभासदालाही मत द्यायचं, आणि एका माणसाने सलग दोन किंवा तीन मुदतींपेक्षा जास्त काळ त्याच पदावर राहायचं नाही. पण ही दुरुस्ती पहिल्या वर्षी काढू नका. तुमचं बहुमत नवं आहे, विरोधकांना ती सूडबुद्धी वाटेल आणि प्रकरण धर्मादाय कार्यालयात अडकेल. दुसऱ्या वार्षिक सभेत, पडताळणीचे आणि हिशोबाचे कागद समोर ठेवून मांडा. दुरुस्तीसाठी किती बहुमत आणि किती दिवसांची सूचना हे तुमच्या घटनेत पाहा. उद्दिष्टांनाच हात लावायचा असेल तर संस्था नोंदणी अधिनियम १८६० नुसार दोन विशेष सभा लागतात, मध्ये महिन्याचं अंतर आणि दोन्हींत तीन-पंचमांश बहुमत.

पहिल्या महिन्यात करायचं ते काम कंटाळवाणं आहे: बदल अर्ज. विश्वस्त किंवा मंडळ बदललं की महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० च्या कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत तो दाखल व्हायला हवा. बऱ्याच संस्थांचे मागचे दोन-तीन बदल अर्ज प्रलंबित असतात, नोंदवहीवर अजून दिवंगत मंडळींची नावं असतात. बँकेत सह्या बदलताना, इमारतीचा परवाना काढताना, देणगीवरच्या करसवलतीची नोंदणी पुढे चालू ठेवताना सगळं इथे अडतं. ती करसवलतीची नोंदणीही आता मुदतीची असते, एकदा मिळाली की कायमची असं राहिलेलं नाही. तिची अखेरची तारीख कार्यवाहांच्या टेबलावर लावून ठेवा. तसंच त्याच १९५० च्या अधिनियमाचं कलम ३६: इमारतीचा कोणताही भाग तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाड्याने द्यायचा किंवा जागा विकायची, तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. पुनर्विकासाचे प्रस्ताव घेऊन येणारे विकासक हे पहिल्या भेटीत सांगत नाहीत.

रस्त्यालगतचे गाळे ही जुन्या वाचनालयांची दुभती गाय समजली जाते, प्रत्यक्षात दूध फार कमी देते. भाडं चाळीस वर्षांपूर्वीचं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ प्रमाणे दरवर्षी चार टक्के वाढ करता येते, ती कोणी केलेलीच नसते, कारण भाडेकरू मंडळातल्या कोणाचा तरी व्याही असतो. फाइल काढा, वाढीची नोटीस द्या, वकिलाकडून करारांची स्थिती लेखी घ्या. हे काम संबंधित सदस्याने सभेबाहेर बसूनच व्हायला हवं आणि तो बाहेर बसला हे इतिवृत्तात यायला हवं.

अनामत रकमेकडेही पाहा. वाचकाची अनामत हे संस्थेचं देणं आहे, उत्पन्न नव्हे. ताळेबंदात ती देण्यांच्या बाजूला दिसायला हवी आणि तेवढे पैसे वेगळ्या मुदतठेवीत असायला हवेत. वर्षानुवर्षं ती खर्चात वापरली गेली असेल तर एकदम भरून काढता येणार नाही, पण दरवर्षी ठरावीक रक्कम बाजूला टाकायचा ठराव करा. सोडून गेलेल्या सभासदांच्या अनामतीचं काय करायचं हे घटनेत किंवा नियमावलीत नसेल, तर परस्पर ‘इतर उत्पन्न’ दाखवू नका. शेवटच्या पत्त्यावर पत्र, फलकावर यादी, मुदत आणि मग लेखापरीक्षकाच्या सल्ल्याने ठराव.

ग्रंथपाल आणि मंडळ यांच्या अधिकारांची वाटणी एका पानात लिहा आणि मंजूर करा. अंदाजपत्रक, वर्गणीचे दर, नेमणुका, निर्लेखन आणि मालमत्ता हे मंडळाचं काम. ठरावीक रकमेपर्यंतची ग्रंथखरेदी, कर्मचाऱ्यांच्या पाळ्या आणि रजा, दंडाची माफी, कोणतं पुस्तक कुठे ठेवायचं, कोणता वाचक निलंबित करायचा हे ग्रंथपालाचं. मंडळाच्या एका सदस्याने काउंटरवर येऊन कर्मचाऱ्याला थेट हुकूम द्यायचा नाही. मंडळाचा सदस्यही पुस्तक नोंद करूनच नेईल, मुदतीनंतर दंड भरेल. ही शेवटची ओळ हास्यास्पद वाटेल, पण परत न आलेल्या चांगल्या पुस्तकांची यादी कधी काढली तर ती का लिहावी लागते ते कळेल.

पगाराचा प्रश्न टाळून चालणार नाही. परिरक्षण अनुदानातला साधारण निम्मा भाग वेतनासाठी असतो. २०२२ मध्ये अनुदान साठ टक्क्यांनी वाढलं, त्याआधीची वाढ २०१२ ची. एवढ्या अंतराने वाढणाऱ्या रकमेत ग्रंथपाल, देवघेव सांभाळणारा निर्गम सहायक, लिपिक आणि शिपाई यांचं घर चालत नाही. संस्थेने स्वतःच्या उत्पन्नातून भर घालणं हाच तूर्त मार्ग आहे. सभागृहाला रंग देण्याआधी प्रशिक्षित ग्रंथपालाचा पगार वाढवा. ग्रंथपाल सोडून गेला की त्याच्या डोक्यातली अर्धी तालिका त्याच्याबरोबर जाते.

देणग्यांसाठी अर्ध्या पानाचं धोरण पुरे. देणगी दिलेली पुस्तकं ठेवणं, पुढे देणं किंवा विकणं हा वाचनालयाचा अधिकार, आणि हे पावतीवरच छापलेलं. ‘वेगळं कपाट, वेगळी पाटी’ ही अट स्वीकारायची नाही. वर्गीकरण मोडून केलेलं स्मारक वाचकाला निरुपयोगी असतं. दालनाला नाव हवं असेल तर ते द्या, पण ठरावीक वर्षांसाठी, आणि रकमेचा काही हिस्सा त्या दालनाच्या देखभालीच्या कायम निधीत टाकून.

अभ्यासिका हा वाचनालयाचा शत्रू नाही, मालकही होऊ नये. स्पर्धा परीक्षेची मुलं शुल्क वेळेवर भरतात म्हणून मंडळं एकेक दालन त्यांना देत सुटतात आणि मग वर्तमानपत्रं वाचणाऱ्या ज्येष्ठांना आणि लहान मुलांना जागा उरत नाही. जमाखर्च स्वतंत्र ठेवा, वीजबिल आणि स्वच्छतागृहांचा खर्च त्यात पूर्ण धरा. मगच ती खरंच फायद्यात आहे का ते समजेल. एका बैठकीला येण्याजाण्याच्या जागेसह साधारण २.३ चौरस मीटर लागतात. त्यापेक्षा दाटीवाटी केली की तक्रारी सुरू होतात. जागा सहा महिन्यांसाठी द्या, नूतनीकरण आपोआप नको. टेबलावर किमान ३०० लक्स उजेड हवा. प्रत्येक टेबलाशी लॅपटॉपचा पॉइंट देण्याआधी जुन्या वायरिंगचा भार विद्युत अभियंत्याकडून तपासून घ्या, विजेची गळती होताच प्रवाह तोडणारं ब्रेकर बसवा, आणि दुसरं दार कुलूपबंद राहणार नाही याची खात्री करा. रात्री अकरापर्यंत शंभर मुलं आणि बाहेर पडायला एकच जिना, ही स्थिती अनेक ठिकाणी आहे.

संगणकीकरण आता. कोहा हे ग्रंथालयांसाठीचं मुक्त सॉफ्टवेअर किंवा केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचं (एनआयसी) ई-ग्रंथालय, दोन्ही चालतात. फरक सॉफ्टवेअरने पडत नाही, नोंदींनी पडतो. मागच्या मंडळाने कधीतरी नोंदी करून घेतल्या असतील तर त्या बहुधा जुन्या फाँटमध्ये असतात. युनिकोडमध्ये रूपांतर करताना रफार, ऱ्य आणि अर्धा ल यांची वाट लागते. शंभर नोंदींवर प्रयोग करून मगच सगळ्या रूपांतरित करा. लेखकांच्या नावांची एक प्रमाण यादी आधी बनवा: वि. वा. शिरवाडकर आणि कुसुमाग्रज एकाच माणसाकडे गेले पाहिजेत, नाहीतर वाचकाला अर्धीच पुस्तकं दिसतात. ड्यूई या ग्रंथ वर्गीकरणाच्या पद्धतीत मराठी साहित्याचा क्रमांक ८९१.४६, पण ज्या वाचनालयात निम्मा साठा मराठी कादंबऱ्यांचा आहे तिथे पाठीवर ८९१.४६३ आणि लेखकाच्या आडनावाची पहिली अक्षरं एवढं पुरे. लांबलचक क्रमांक कोणी वाचत नाही.

सगळ्या साठ हजारांच्या नोंदी एकदम करायला घेऊ नका. सरावलेला माणूस दिवसाला ऐंशी ते शंभर नीट नोंदी करतो, म्हणजे तिघांना मिळून दोनशेहून अधिक कामाचे दिवस. त्याऐवजी परत आलेलं प्रत्येक पुस्तक कपाटात जाण्याआधी नोंदवायचं आणि बारकोड लावायचा. सहा-आठ महिन्यांत फिरता साठा जवळपास पूर्ण आत येतो आणि देवघेव संगणकावर जाऊ शकते. मागे राहिलं ते आधी निर्लेखनाच्या चाळणीतून काढायचं, मग नोंदवायचं. दाखल क्रमांक बदलायचे नाहीत, तोच बारकोडचा क्रमांक. लेबलं उष्णतेने थेट छापली जाणारी घेतली तर दोन-तीन वर्षांत पुसट होतात. शाईची फीत वापरणाऱ्या यंत्रावरची घ्या आणि एक आतल्या पानावर, एक मलपृष्ठावर लावा. पुरवठादाराच्या करारात दोन ओळी हव्यातच: सगळा विदा (डेटा) मागेल तेव्हा मार्क या ग्रंथनोंदींच्या प्रमाण स्वरूपात मोफत मिळेल, आणि रोजची प्रत इमारतीबाहेरही ठेवली जाईल.

इमारतीचं एकच सांगतो, कारण तिथे चूक झाली तर जीव जातो. राहत्या घराचा मजला साधारण चौरस मीटरला २०० किलो भारासाठी धरलेला असतो. ग्रंथसाठ्याच्या खोलीसाठी भारतीय मानक किमान ६०० किलो सांगतं, तेही पुस्तकांची मांडणी २.२ मीटर उंचीपर्यंत असेल तर. जुन्या वाड्याच्या लाकडी माडीवर लोखंडी घोडे ओळीने लावण्याआधी संरचना अभियंत्याचा लेखी अहवाल घ्या. तोपर्यंत जड बांधीव अंक तळमजल्यावर, फिरती पुस्तकं वर. तळमजला पुराच्या टप्प्यात असेल तर हे गणित उलटं होतं. चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात २००५ आणि २०२१ मध्ये पाणी शिरलं, हे कोकणातल्या आणि नदीकाठच्या प्रत्येक मंडळाने लक्षात ठेवावं. तिथे दुर्मीळ साठा वरच्या मजल्यावरच हवा, आणि तो मजला पेलणारा हवा. पुस्तकं भिजलीच तर बुरशीला अठ्ठेचाळीस तास पुरतात: उघडी पसरू नका, उन्हात टाकू नका, पानांमध्ये कोरा वृत्तपत्री कागद घाला, पंखे लावा, आणि फार मौल्यवान असतील ती शीतगृहात गोठवून ठेवा, सवडीने वाळवता येतात.

जुन्या पुस्तकांना चिकटपट्टी आणि प्लॅस्टिक लॅमिनेशन कधीही नको. डांबराच्या गोळ्यांनी कसर दूर राहते, अंडी मरत नाहीत. कपाट स्वच्छ, आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या आसपास आणि वर्षातून दोनदा प्रत्येक पुस्तक हातात घेऊन झटकणं, याने जास्त काम होतं. डिजिटायझेशन करताना मूळ प्रतिमा किमान ३०० डीपीआयच्या (इंचाला ३०० ठिपके) टिफ फाइलमध्ये ठेवा, वाचकांसाठी पीडीएफ वेगळी. लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षं स्वामित्वहक्क चालतो. तो संपलेली पुस्तकं संकेतस्थळावर खुली करता येतात. बाकीची, छापील प्रत आपल्याकडे असेल तर, जतनासाठी डिजिटल स्वरूपात साठवायची मुभा स्वामित्वहक्क कायद्याच्या कलम ५२ मध्ये सार्वजनिक ग्रंथालयाला आहे. मात्र ती वाचनालयातल्या संगणकापुरती ठेवा, दुव्याने वाटू नका.